आधी नकाशा, मग लिलाव

मी चंद्रपूरचा आहे हे ऑफिसात कुणाला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ताडोब्याचं बुकिंग मिळेल का रे?" जणू आमच्या मागच्या अंगणातच वाघ बांधून ठेवलेत. नाही हो मिळत. मलाही तुमच्यासारखंच संकेतस्थळावर तासन्‌तास ताटकळावं लागतं. पण मागच्या हिवाळ्यात टीममधल्या चौघांचं नशिबाने जमलं. दुपारची सफारी होती. घरी बाबांच्या हातचं वरण-भात-वांग्याची भाजी जेवून मी त्यांना गाडीने मोहर्लीच्या गेटवर सोडायला निघालो.

चंद्रपूरहून मोहर्लीला जाताना आधी औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. मग ऊर्जानगर, दुर्गापूर, पद्मापूर, म्हणजे सगळा कोळशाचा मुलूख. रस्त्याच्या कडेला एक उंच, वरून सपाट, झुडपांनी भरलेला डोंगर दिसला तशी मागच्या सीटवरून आवाज आला, "वा! हा कुठला डोंगर? ट्रेकला जाता येतं का?"

"तो डोंगर नाही. खाणीतून काढलेली माती आहे ती."

गाडीत जरा वेळ कोणी बोललं नाही. थोड्याच वेळात आम्ही जंगलात होतो. सांगायचा मुद्दा, या दोन गोष्टींमधलं अंतर एवढंच आहे. एखादं गाणं संपायच्या आत खाण संपते आणि वाघाची पाटी सुरू होते.

आता एक कबुली आधीच देऊन टाकतो. माझं इंजिनिअरिंग कोळशावर झालंय. बाबा एका उघड्या खाणीत नोकरीला होते, तिथूनच निवृत्त झाले. हा लेख ज्या लॅपटॉपवर लिहितोय त्याची वीजही बरीचशी कोळशाचीच असणार. चंद्रपूरचं एकटं वीज केंद्र २९२० मेगावॉटचं आहे. त्यामुळे 'सगळ्या खाणी उद्या बंद करा' असलं काही मी लिहिणार नाही. लिहिलं तर पहिला फोन बाबांचाच येईल. माझं म्हणणं त्यापेक्षा लहान आहे, आणि मला वाटतं जास्त अवघडही आहे. सरकारच्या ताब्यातल्या, म्हणजे तुमच्या-माझ्या जंगलजमिनीपैकी काही भागांवर 'इथे खाण नाही' असं आधीच लिहून ठेवायचं. एकेका प्रकल्पाच्या वेळी भांडून ठरवायचं नाही. कोळसा कुठून काढायचा ते उरलेल्या नकाशावर ठरवा.

हे का, ते सांगण्याआधी खाण म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण पुण्यात बसून खाण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बोगदा आणि टोपीवरचा दिवा येतो. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तसं नसतं. उघड्या खाणीत कोळशावर जे जे काही आहे ते सगळं उचलून बाजूला टाकतात. झाडं तोडायची, माती खरवडायची, खडकाला सुरुंग लावायचे, डंपर भरायचे. या वरच्या सगळ्याला खाणीच्या भाषेत ओव्हरबर्डन म्हणतात, सगळे त्याला 'ओबी'च म्हणतात. म्हणजे वरचं ओझं. मोह, तेंदू, बांबू, मुळं, वारुळं, पाण्याची वाट, सगळं ओझं! लहानपणी हा शब्द रोज कानावर पडायचा. त्याचा अर्थ लक्षात यायला मला घर सोडून पुण्यात यावं लागलं. असो.

तर लोहाऱ्याची गोष्ट. तुमच्यातल्या अनेकांना ती माहीत नसेल, कारण तेव्हा तुम्ही शाळेत असाल. चंद्रपूर आणि ताडोबा यांच्या मधल्या जंगलात लोहारा हा कोळसा ब्लॉक आहे. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला अदानी कंपनीचं वीज केंद्र व्हायचं होतं, त्यासाठी तो २००७ साली देण्यात आला. म्हणजे आधी ब्लॉक दिला, त्याच्या भरवशावर वीज केंद्राची आखणी झाली, आणि मग सगळ्यांना आठवलं की अरे, तिथे वाघ राहतात. चंद्रपुरात मोर्चे निघाले. इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे २००९ मध्ये उपोषणाला बसले. शेवटी जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना मंत्रालयाने पुढची वाट बंद केली आणि लोहारा वाचला.

आम्ही पेढे वाटले. खरंच वाटले. पण पुढचा भाग कोणी सांगत नाही. तिरोड्याचं केंद्र उभं राहिलंच, ३३०० मेगावॉटचं. कोळसा दुसरीकडून आला. म्हणजे 'ही खाण झाली नाही तर महाराष्ट्र अंधारात जाईल' हे काही खरं ठरलं नाही. पण फुकटात काहीच झालं नाही. लोहारा गेल्यामुळे कोळसा महाग पडतो, तो भार वीजदरात धरून मिळावा, हा वाद वीज नियामक आयोगापुढे आणि न्यायालयांत वर्षानुवर्षं चालला. आणि खाणवाले जेव्हा म्हणतात की 'तुमच्या वाघाची किंमत ग्राहकाने मोजली', तेव्हा त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मान्य करायला हवं. फक्त चूक कुठे झाली ते बघा. २००९ साली नाही म्हटलं ही चूक नव्हती. चूक झाली ती २००७ मध्ये, हो म्हटलं तेव्हा. ताडोब्याचं राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं आहे, राज्यातलं सगळ्यात जुनं. ते काही रातोरात उगवलं नव्हतं.

आपल्या धंद्यात हे पहिल्या वर्षाला शिकवतात. फॉर्ममध्ये चुकीची तारीख असेल तर ती टाकतानाच अडवायची. वापरणाऱ्याला दहा पानं भरू द्यायची, पैसे भरू द्यायचे आणि शेवटच्या पानावर लाल अक्षरात एरर दाखवायची, असं करणाऱ्याला टेस्टर जिवंत ठेवत नाही. जंगलाच्या बाबतीत आपली पद्धत नेमकी शेवटच्या पानाची आहे.

असा नकाशा करायचा प्रयत्न झाला नव्हता असंही नाही. २०१० च्या सुमारास कोळसा आणि पर्यावरण या दोन मंत्रालयांनी देशातली नऊ कोळसाक्षेत्रं तपासून 'गो' आणि 'नो-गो' अशी विभागणी केली. त्यात आपलं वर्धा खोरंही होतं. आरडाओरडा झाला, मंत्रिगट बसला आणि २०११ मध्ये ती विभागणी गुंडाळली गेली. पुढे 'अनुल्लंघ्य' जंगलं कोणती याचे निकष काढायला समिती नेमली. निकष आले. ज्याच्याकडे बोट दाखवून जिल्ह्यातला साधा माणूस म्हणू शकेल की 'इथे नाही म्हणजे नाही', अशी कायद्याच्या ताकदीची यादी मात्र आली नाही.

मग काय होतं? जून २०२० मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेलो असताना, कोळशाच्या ४१ ब्लॉकचा लिलाव जाहीर झाला. त्यात चिमूर तालुक्यातला बंदर हा ब्लॉक होता. (समुद्राशी काही संबंध नाही, गावाचं नाव आहे.) ताडोब्यातून बोर आणि उमरेड-कऱ्हांडल्याकडे वाघ ज्या वाटेने जातात त्या वाटेवरच तो आहे. पुन्हा धावपळ, पुन्हा पत्रं. राज्याचे तेव्हाचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला लिहिलं आणि बंदर यादीतून निघाला. छानच झालं. पण यादीतून निघाला म्हणजे फक्त त्या यादीतून निघाला. वाचवणाऱ्यांना दर वेळी जिंकावं लागतं, खाणीला एकदाच जिंकलं की पुरतं. खोदलेलं परत जोडता येत नाही. 'बदल्यात दुसरीकडे झाडं लावू' हे मी पुष्कळ ऐकलंय. दुसऱ्या तालुक्यात लावलेली सागाची रोपं ही या वाटेचा बॅकअप होऊ शकत नाहीत.

वाट म्हणतोय ती कल्पनाविलास नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, निघाला तो शेतं, नाले, हमरस्ते ओलांडत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल सुमारे ३००० किलोमीटर. जागा आणि जोडीदार शोधत होता बिचारा. आपणही त्या वयात गाव सोडून पुण्याला आलोच की. अशा वाटा तुटल्या की काय होतं ते ओडिशात सिमलीपालला दिसतं. तिथल्या वाघांच्या अंगावरचे काळे पट्टे पसरून एकमेकांत मिसळलेत. दिसायला देखणे, पण २०२१ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवून दिलं की हा एकाकी पडलेल्या छोट्या घोळक्यात आपापसातच पिढ्या वाढल्याचा परिणाम आहे.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये स्पष्ट केलं की राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांत, आणि त्यांच्या सीमेपासून १ किलोमीटरच्या आत, खाणकाम चालणार नाही. उत्तम. पण बंदरसारख्या वाटा बहुतेक या मर्यादेबाहेरच असतात. व्याघ्रप्रकल्पांना जोडणाऱ्या जमिनीबद्दल वन्यजीव कायद्यात तरतूद आहे. ती जमीन वळवता येते, जनहित दाखवून आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची परवानगी घेऊन. म्हणजे पुन्हा एकेक प्रकरण, एकेक बैठक. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने २०१४ मध्येच देशातल्या ३२ प्रमुख वाटांचा अहवाल काढलाय. नकाशा तयार आहे, फक्त लिलावाची यादी करणाऱ्याच्या टेबलावर तो सक्तीने ठेवायचा आहे.

यावर माझा एक शाळकरी मित्र हमखास भडकतो. तो डंपर चालवतो. म्हणतो, "अबे, तुले काय मालूम? वाघ खाणीतच राहून राहिले ना! रातच्याला ओबीवर वाघीण बसून राहते. आम्ही डंपर थांबवतो, ते गेली का मंग पुढं जातो. खाणीनं वाघ मरत असता तर हे आले कुठून?"

प्रश्न बिनतोड आहे, आणि उत्तर भयंकर आहे. जुन्या ढिगाऱ्यांवर विलायती बाभळीचं रान माजतं. तिथे डुकरं येतात, मोकाट गुरं येतात, वस्तीची कुत्री असतात. लपायला जागा आणि खायला अन्न. जंगलातून बाहेर पडलेल्या वाघाला आणखी काय पाहिजे? पण त्या रानाच्या पलीकडे शंभर पावलांवर कुणाचं तरी घर असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्रातला एक कामगार पाळी संपवून घरी निघाला होता, त्याला वाघाने मारलं. पाठोपाठ दुर्गापुरात एका पोराला बिबट्याने उचललं. शाळेत जाण्याच्या वयाचा मुलगा. त्या आठवड्यात आमच्या घरी संध्याकाळी सहानंतर कोणी बाहेर पडत नव्हतं. मित्राला ढिगाऱ्यावर जी वाघीण दिसते ती खाण आणि वाघ सुखाने नांदतात याचा पुरावा नाही. तिला जायला जागा राहिलेली नाही, एवढंच तिच्यावरून कळतं. किंमत ती मोजते, आणि पाळी संपवून पायी घरी जाणारा मोजतो. सफारीचं बुकिंग करणारे आपण मोजत नाही.

रोजगाराचं काय, हाही त्याचाच प्रश्न. मी कोण त्याला शिकवणार? चालू खाणी चालू राहाव्यात, मंजूर जागेत काढता येईल तेवढा कोळसा काढावा, जिथे जमेल तिथे भुयारी खाण करावी, आणि संपलेल्या खाणींवरचं रान नीट हाताळायला माणसं लागतील, त्यांना पगार द्यावा. यातून त्याच्या मुलाला नोकरी मिळेलच अशी हमी मी देऊ शकत नाही. नवी खाणही देऊ शकत नाही, कारण आता एकेक यंत्र पूर्वीच्या कितीतरी माणसांचं काम करतं, हे त्यानेच मला सांगितलंय.

आणखी एक हिशेब मला छळतो. ताडोब्याच्या आतली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं वाघासाठी उठवून बाहेर वसवली. पिढ्यान्‌पिढ्या मोह वेचणारी माणसं. त्यांना सांगितलं की तुमची गुरं, तुमची कुऱ्हाड, तुमचं चुलीचं सरपण जंगलाला झेपत नाही. बरं, मानलं. ज्यांना आपण डोक्यावरची मोळी नाकारली, त्यांच्यासमोरून त्याच जंगलाच्या वाटेवर शंभर टनी डंपर कुठल्या तोंडाने नेणार? गंमत म्हणजे ताडोब्याच्या एका वनपरिक्षेत्राचं नावच 'कोळसा' आहे. कोळसा गावावरून पडलेलं. त्या कोळशात आजही वाघ फिरतात.

परवा हे सगळं बाबांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोन चुका काढल्या, डंपरच्या टनांवरून माझी थोडी शाळा घेतली. मग मी विचारलं, "तुम्ही असता मंत्रालयात तर लोहारा दिला असता का?" जन्मभर कोळसा काढलेला माणूस. जरा थांबून म्हणाले, "अरे, कोळसा कुठं पळून चाललाय? एवढी कोटी वर्षं पडलाय, अजून पडू दे की थोडा." मग म्हणाले, दुर्गापूरच्या रस्त्यावरचे दिवे पुन्हा गेलेत, तुझ्या त्या इंटरनेटवर तक्रार कुठे करतात ते बघ.

तक्रार नोंदवलीय.