डॉक्टर होणाऱ्या मुलांना गाव दिसू द्या

नीटचा निकाल लागतो, प्रवेश निश्चित होतो आणि व्यापारी घरात वही उघडली जाते. शुल्क किती, वसतिगृहाचा खर्च किती, बँकेचे कर्ज किती आणि ते फिटणार कधी? हा हिशेब गैर नाही. ज्या घराचा संसार उधारी-वसुलीवर उभा राहिला, ते घर मुलाच्या शिक्षणाचाही जमाखर्च मांडणारच. मात्र या वहीतील एक रकाना बहुधा रिकामा राहतो. शिक्षणाच्या काळात मुलाने खेड्यात किती दिवस काढले, याची नोंद कोणी ठेवत नाही. उलट इंटर्नशिपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची पाळी आली की, ‘तेवढे दिवस कसेबसे उरकून घे आणि पीजीचा अभ्यास कर’ असा सल्ला घरूनच मिळतो.

पेढीची रीत अशी नव्हती. मुलाला गादीवर बसविण्यापूर्वी वडीलधारे त्याला आठवडी बाजारांत हिंडवीत. कोणत्या गावचे गिऱ्हाईक कधी पैसे देते, कापूस केव्हा घरात येतो, कोणाला उधारी नाकारू नये, हे दुकानात बसून कळत नसे. वैद्यकीय शिक्षणाची गोष्ट याहून फार निराळी नाही.

हे समजून घेण्यासाठी बीड जिल्ह्यातील कुटुंबांना दूर जाण्याची गरज नाही. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ साली सुरू झाले. ग्रामीण भागासाठी काढलेले आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय असा त्याचा लौकिक आहे. गावाला मोमिनाबाद म्हणत असत त्या काळात स्वामीजींनी तेथे शाळेचे काम केले होते, म्हणून हे नाव. महानगर सोडून तालुक्याच्या गावी महाविद्यालय काढण्यामागचा विचार सरळ होता : विद्यार्थ्याने जेथे काम करावे अशी अपेक्षा आहे, तेथेच त्याने शिकावे. पुढे २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने ग्रामीण भागात डॉक्टर टिकावेत यासाठी शिफारशी केल्या, तेव्हा त्यांतही मोठ्या शहरांबाहेरची महाविद्यालये, ग्रामीण पार्श्वभूमीचे विद्यार्थी आणि शिक्षणकाळातच खेड्यातील प्रत्यक्ष काम यांवर भर होता.

तरीही रुग्णालय म्हणजे गाव नव्हे. खाटेवरचा रुग्ण डॉक्टरकडे आलेला असतो. त्याचे घर डॉक्टरने पाहिलेले नसते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ही उणीव ओळखून विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी आश्रमात आणि नंतर गावात मुक्कामाला नेण्याची प्रथा पडली. २०२१-२२ च्या तुकडीपासून देशभरातील एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातील ठरावीक कुटुंबे दत्तक दिली जातात आणि पुढील वर्षांत त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. हा उपक्रम वहीतील सह्यांपुरता उरला तर व्यर्थ. मनापासून केला तर त्याच्या तोडीचे पाठ्यपुस्तक नाही.

बीड जिल्ह्यात असे कुटुंब पाहायला गेलेल्या विद्यार्थ्याला पावसाळ्यात दार उघडे मिळेल आणि डिसेंबरात त्याच दाराला कुलूप. घरची माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एक दिवस खाडा झाला तर कापला जाणारा पैसा, हे सारे गावच्या दुकानदाराला तोंडपाठ असते. त्याची उधारीही टोळी परतल्यावरच सुटते. डॉक्टर होणाऱ्या मुलाला मात्र त्याची गंधवार्ता नसते. क्षयाच्या औषधांचा क्रम, बाळाच्या लसीची तारीख, गरोदर स्त्रीची तपासणी ही सारी या कुलपापाशी तुटतात.

न जाणण्याची किंमत केवढी असते, हेही याच जिल्ह्याने दाखविले. २०१९ साली राज्य शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा बायकांत साधारण एक. फडावर ना पाणी, ना आडोसा, ना रजा. पोटाच्या दुखण्याला शस्त्रक्रिया हाच कायमचा उपाय वाटावा, अशीच ती जगण्याची रीत. त्या स्त्रीचा हंगाम ज्याने पाहिला आहे, तो डॉक्टर सुरीला हात घालण्यापूर्वी दहा प्रश्न विचारील.

आष्टी-पाटोद्याच्या शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले, ते एकाएकी नव्हे. त्यापूर्वी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काही वर्षे राहिल्यावर त्यांना दिसले होते की, टाळता येण्याजोगी दुखणी घेऊन तेच रुग्ण फिरून येतात. त्या अनुभवातूनच अल्पशिक्षित, निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याची जामखेडची पद्धत उभी राहिली. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

प्रत्येकाने आरोळे व्हावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. राहायला धड घर नसणे, जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा या अडचणी खऱ्या आहेत. सक्तीनेही फारसे साधत नाही. बंधपत्राची एक वर्षाची सेवा टाळण्यासाठी दंड भरून मोकळे होणारी घरे समाजात कमी नाहीत. म्हणून आग्रह एवढाच, की मुलाने आधी पाहावे आणि मग ठरवावे. पाहून पुण्याला गेलेला शल्यविशारदही गेवराईच्या रुग्णाला फेरतपासणीची तारीख देताना, तो त्या दिवशी गावात असेल की फडावर, हे विचारील.

चतुर्विध दानात औषधदानाला आपल्याकडे मानाचे स्थान आहे. अहिल्यानगरचे आनंदऋषीजी रुग्णालय समाजाच्या पुढाकारातूनच उभे राहिले. महावीर जयंतीला एका दिवसाची शिबिरेही होतात. त्यांच्या जोडीला एक लहान सोय करता येईल. तालुक्याच्या गावांतील जैन घरांत अनेक खोल्या रिकाम्या आहेत, कारण मुले शहरात गेली. त्यांपैकी एखादी खोली वैद्यकीय, नर्सिंग किंवा फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला पंधरा दिवसांसाठी द्यावी. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि कंदमुळाविना भाजी ही त्याच्या आईची पहिली काळजी तेथे आपोआप मिटते. सकाळी आरोग्य केंद्र, दुपारी आशाताईंबरोबर वस्ती, संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर गावच्या गप्पा. हा मुक्काम दोनदा व्हावा : एकदा दिवाळीपूर्वी, टोळ्या निघण्याच्या आधी आणि एकदा पाडव्याच्या सुमारास, त्या परत येऊ लागतात तेव्हा.