मातीचे चतुरंग दळ

(इयत्ता दहावीतील एका विद्यार्थ्याचे विचार)

बुद्धिबळाच्या खेळाला आपल्या देशात सध्या भाग्याचे दिवस आले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेशने सिंगापूर येथे जगज्जेतेपद मिळविले आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून आमच्या वर्गातही मधल्या सुट्टीत जेवणाच्या डब्यांबरोबर बुद्धिबळाचे पट उघडू लागले आहेत. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु त्या पटांवर ज्या सोंगट्या उभ्या राहतात, त्यांच्याविषयी मला थोडे बोलावयाचे आहे. त्या आपण आपल्या हातांनी मातीच्या घडवाव्यात, असे माझे मत आहे. आणि ते गुरुजनांपुढे व सहाध्यायांपुढे नम्रपणे मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

या मताचा उगम एका प्रश्नात आहे. माझ्या धाकट्या बहिणीला मी हा खेळ शिकवीत होतो. “हा हत्ती,” असे म्हणून मी सोंगटी तिच्या हाती दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “दादा, याची सोंड कुठे आहे?” मी निरुत्तर झालो. उंटाला ना मान होती, ना पाठीवर उंचवटा. आपण ज्याला हत्ती म्हणतो तो बाजारी संचात एक बुरूज असतो आणि ज्याला उंट म्हणतो त्याच्या डोक्यावर ख्रिस्ती धर्मगुरूची टोपी असते! नॅथॅनिएल कुक यांनी १८४९ साली इंग्लंडात या घडणीची नोंद केली व त्या काळचे विख्यात खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांचे नाव तिला मिळाले. तीच आज जगभर चालते. आपली जीभ हत्ती म्हणते, हात बुरूज उचलतो, आणि या विसंगतीचे आपल्याला काहीच वाटेनासे झाले आहे.

स्टाँटन घडणीची मी निंदा करीत नाही. ती सुटसुटीत आहे आणि कोणत्याही देशाच्या खेळाडूला एका दृष्टिक्षेपात ओळखू येते. स्पर्धेसाठी तीच योग्य. परंतु सोंगट्यांना दुसरे रूप असूच शकत नाही, असे मात्र मुळीच नाही. स्कॉटलंडच्या ल्युईस बेटावर १८३१ साली बाराव्या शतकातील सोंगट्या सापडल्या. त्या बहुतांशी वॉलरस या सागरी प्राण्याच्या सुळ्यांतून कोरलेल्या आहेत. त्यांतील राण्या गालावर हात ठेवून चिंतेत बसल्या आहेत, तर काही शिपाई आवेशाने आपल्याच ढालीची कड चावीत आहेत. त्या कारागिरांनी आपल्या भोवतालची माणसे पटावर आणली. मग ज्या देशात या खेळाला हत्ती, घोडे, रथ व पायदळ यांवरून ‘चतुरंग’ हे नाव पडले, तेथील मुलांनी आपला हत्ती पटावर आणू नये काय?

असा विचार करून मी मे महिन्याच्या सुट्टीत मामांकडे खानापुरास गेलो. आमच्या बेळगावापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, मलप्रभेच्या काठी वसलेले हे गाव कौलांसाठी व मातीकामासाठी प्रसिद्ध आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकविणारी केंद्रीय संस्थाही तेथेच आहे. मामांच्या शेजारी एक वृद्ध कुंभारकाका राहतात. त्यांनी मला माती दिली, अंगणात जागा दिली आणि पहिल्या दिवशी एकही सोंगटी करू दिली नाही. माती भिजवणे, चाळणीतून गाळणे आणि आतील हवा निघून जाईपर्यंत तिंबणे, एवढ्यातच दोन दिवस गेले.

मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. ओली माती वाळून भाजेपर्यंत दहा भागांत सुमारे एक भाग आकसते, हे मला ठाऊक नव्हते. साडेनऊ सेंटिमीटरांचा राजा हवा असेल, तर तो ओला असताना साडेदहा सेंटिमीटरांचा करावा लागतो. मी पुस्तकात शेकडेवारीची उदाहरणे पुष्कळ सोडविली होती. परंतु शेकडेवारी म्हणजे काय, हे मला त्या राजाने शिकविले. हत्तींच्या सोंडा मी ऐटीत पुढे काढल्या होत्या. बारीक सोंड आधी वाळली, जाड धड मागे राहिले आणि सांध्यावर चिरा पडल्या. “बाळा, वरून वाळली म्हणजे आतून वाळली, असे नसते,” काका म्हणाले. मी घाई केली. जाड सोंगट्यांच्या पोटात राहिलेल्या ओलाव्याची भट्टीत वाफ झाली व त्या फुटल्या. बत्तिसांपैकी चौदा सोंगट्या अशा रीतीने कामी आल्या.

दुसऱ्या खेपेस मी हत्तीची सोंड छातीशी चिकटवून घेतली, घोड्याचे कान आखूड केले, सांध्यावर ओरखडे काढून पातळ चिखल लावला, सोंगट्या बुडातून कोरून पोकळ केल्या आणि ओल्या फडक्याखाली सावलीत सावकाश वाळविल्या. तेव्हा कुठे सर्व दळ शाबूत राहिले. रंगासाठी एक पैसाही खर्च झाला नाही. सोळा सोंगट्या मोकळ्या आचेत भाजल्या, त्या तांबड्या झाल्या. सोळा सोंगट्या भुश्यासह मडक्यात घालून तोंड चिखलाने बंद केले, त्या धुराने काळ्या झाल्या. दोन वैरी सैन्ये, पण माती एकच!

सर्वांत कंटाळवाणे काम प्याद्यांचे. सोळा प्यादी एकसारखी हवीत. त्यांत ना सोंड, ना आयाळ, ना मुकुट. वजिरावर मी हौसेने एक दिवस घालविला. प्याद्यांवर नाइलाजाने चार दिवस. परंतु तेव्हापासून खेळताना मी प्यादे सहजासहजी गमावीत नाही, हे माझ्या मित्रांनाही दिसून आले आहे. ज्याच्या घडणीला कष्ट पडले, त्याचे मोल हाताला कळते.

यावर आक्षेप येतील, हे मी जाणतो. पहिला असा की, थोडक्या पैशांत प्लॅस्टिकचा संच मिळत असता एवढा खटाटोप कशाला? त्याला माझे उत्तर असे की, विकत घेतलेला संच खेळ देतो; घडविलेला संच खेळाखेरीज आणखी काही देतो. दुसरा आक्षेप नाजूकपणाचा. तो मला मान्य आहे. माझा एक घोडा बहिणीच्या हातून पडून फुटला. परंतु दुसऱ्या दिवशी मी नवा घोडा करावयास घेतला. तिसरा आक्षेप अभ्यासाचा, आणि तोच सर्वांत मोठा. आमच्या हस्तकलेच्या तासावर परीक्षा जवळ आली की गणिताचा अथवा विज्ञानाचा तास बसतो. परंतु माझ्या चौदा फुटक्या सोंगट्यांत गणितही होते आणि विज्ञानही. हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे, हा महात्मा गांधींचा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सुतारकाम, बागकाम यांच्याबरोबर कुंभारकामाचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा हा तास म्हणजे अभ्यासातून घेतलेली सुट्टी नव्हे.

निरोप घेताना काकांना मी विचारले, “आपल्याकडे आता कोण शिकते?” ते म्हणाले, “माझ्या मुलाने चाकाला हात लावला नाही. तू दुसऱ्याचा मुलगा, तू तरी लावलास.” हे शब्द माझ्या मनातून जात नाहीत. आमच्या गुरुजनांना माझी विनंती एवढीच की, आठवड्यातील तो एक तास आम्हांला परत द्यावा आणि वर्षातून काही दिवस अशा एखाद्या कारागिराला मानाने शाळेत बोलवावे.

माझ्या बहिणीने नवा संच पाहिला तेव्हा तिला एकाही सोंगटीचे नाव सांगावे लागले नाही. हत्तीला तिने आपण होऊन हत्ती म्हटले. आपली भाषा जपावी, असे आम्हां सीमाभागातील मुलांना सर्वजण सांगतात. ती जपावयाची तर तिच्यातील शब्द नुसते जिभेवर राहून चालणार नाहीत. ते हातांतही उतरले पाहिजेत.