बारीक माणसाला कसली चरबी!

कामथडीसारख्या हमरस्त्यावरच्या गावाचं एक भाग्य असतं: पुण्याहून साताऱ्याकडे निघालेलं ज्ञान वाटेत इथं उतरतं. परवा असंच एक उतरलं. विषय होता सांधेदुखी. वक्ते व्यासंगी होते, म्हणजे बोलताना मध्ये थांबत नव्हते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. सोरायसिस हा कातडीचा रोग. त्याच्या जोडीला सांधे सुजले तर तो वात. साखर, बीपी, रक्तातली चरबी, यकृतावरची चरबी ही खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांची दुखणी. भाताच्या आवणीच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्याला ती होऊच शकत नाहीत. झालीच, तर डॉक्टरांच्या गोळ्यांनी झाली. तेव्हा गोळ्या सोडा, हातसडीचा तांदूळ खा, शेतात उतरा. शेवटी हुकमी वाक्य आलं: ‘हाडं दिसतात अशा माणसाला हे लोक चरबीची तपासणी लिहून देतात!’ हशा पिकला. टाळ्या पडल्या. सोरायटिक आर्थ्रायटिसचे, म्हणजे सोरायसिसच्या जोडीला सांधे सुजणाऱ्या आजाराचे, जे रुग्ण समोर होते त्यांनीही टाळ्या वाजवल्या, सुजल्या बोटांनी जितक्या वाजतात तितक्या.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. खेड्यात सांध्यांचे आजार नसतात म्हणे. आपल्याच जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघर जाऊन पाहणी झाली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांनी हाडा-सांध्यांची दुखणी सांगितली. भिगवण काही कोरेगाव पार्कात नाही. शेतात उतरा म्हणे. ज्या बाईची टाच सकाळी जमिनीला टेकवत नाही, तिला चिखलात उतरायला सांगणाऱ्याने आधी स्वतः एक वाफा लावून दाखवावा. शिवाय गावातली तरुण पोरं आता शेतात कुठं असतात? ती शिरवळच्या कंपनीत पाळी भरतात, आणि पाळी सुटली की वडापाव खातात.

तांदळाचा वाद मात्र आमच्याकडे फार जुना. आंबेमोहर चांगला की इंद्रायणी, यावर भोर-वेल्ह्यात सोयरिकी मोडायच्या तेवढ्या राहिल्या आहेत. हातसडीबद्दल एवढंच म्हणतो: कोंडा राहिला तर बरंच आहे, पण ताटातला ढीग तेवढाच राहणार असेल तर साखरेला फारसा फरक पडत नाही.

आता त्या हुकमी वाक्याकडे. हसण्याआधी वक्त्यांनी पुण्यातच चौकशी केली असती तर बरं झालं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. तक्त्यावर दोघेही ठीकठाक. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दुपटीहून जास्त, आणि वरून काही दिसत नाही! हा एका माणसाचा अपघात म्हणावा, तर याज्ञिकांच्याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला आहे. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं स्नायूंत उणी होती, पोटातल्या अवयवांत उणी होती. कातडीखालची चरबी तेवढी त्यांनी बऱ्यापैकी राखली होती. म्हणजे हाडं दिसणाऱ्या माणसाच्या आत चरबी असू शकते हा विनोद नाही. पुणे जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत मोजून सिद्ध केलेली गोष्ट आहे, आणि ती ऐकून इतर देशांतले डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी ती लिहून घेतली. हसायला आपण होतोच.

ही चरबी स्वस्थ बसत नाही. पोटातली तर मुळीच नाही. ती दाह वाढवणारी रसायनं सोडते. त्यातलं एक टीएनएफ. ते लठ्ठ उंदरांच्या चरबीत जास्त तयार होतं आणि इन्सुलिनच्या कामात आडवं येतं, हे १९९३ मध्येच दिसून आलं होतं. सोरायटिक आर्थ्रायटिसच्या सुजलेल्या सांध्यातही हेच टीएनएफ असतं. महागडी इंजेक्शनं देतात त्यांतली बरीच त्यालाच अडवायला. सांध्यातला दाह साखर बिघडवतो आणि पोटातली चरबी सांध्यातला दाह पेटता ठेवते, असा हा व्यवहार आहे. म्हणून या रुग्णांत मधुमेह, बीपी, रक्तातली बिघडलेली चरबी आणि हृदयविकार इतरांपेक्षा जास्त आढळतात.

‘हे सगळं गोळ्यांनीच,’ असंही वक्ते म्हणाले होते. सोरायसिस आणि मधुमेह यांचं नातं श्ट्राउस नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९७ मध्ये नोंदवलं. तेव्हा या रोगावर देतात ते मेथोट्रेक्सेट जन्माला यायचं होतं, आणि कॉर्टिझोन हे स्टिरॉइड सांधेदुखीवर पहिल्यांदा दिलं गेलं ते १९४८ मध्ये. गोळ्यांनी आपल्या जन्माआधीच साखर वाढवली असेल, तर त्यांचा महिमा वक्त्यांना वाटतो त्याहून थोर आहे. यात अर्धं सत्य आहे ते सांगतो. स्टिरॉइडने साखर आणि बीपी वाढतं. पण ते एकाएकी बंद केलं तर सोरायसिस भयंकर उसळू शकतो, आणि व्यासपीठावरून ‘गोळ्या सोडा’ म्हणणारा त्या रात्री घरी सुखाने झोपलेला असतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध. यकृतावर आधीच चरबी असेल तर यकृताला जास्त जपावं लागतं. चरबीची ती तपासणी लिहून देतात ती त्यासाठीच. बाजारात मिळणाऱ्या सांधेदुखीवरच्या ‘शुद्ध’ पुड्यांतही कितीदा स्टिरॉइडच सापडलं आहे. त्यांच्याबद्दल भाषणात एक अक्षर नव्हतं.

मग करायचं काय? फार काही नाही. कंबर मोजायची: पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की वजनकाट्याचं ऐकायचं नाही. बीपी, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी वर्षातून एकदा तरी पाहायची, सांधे दुखत नसले तरी. वजन जास्त असेल तर उतरवायचं. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी लठ्ठ रुग्णांना काही आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं, तेव्हा वजनाबरोबर सांध्यांची सूजही उतरली. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हा प्रयोग घरी करू नये. आणि सांध्यांचा डॉक्टर व साखरेचा डॉक्टर यांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचाव्यात, एवढं मागणं जास्त होणार नाही.

आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, तिशीपुढच्या माणसांचा तपासणीचा फॉर्म भरतात त्यात कंबर विचारलेली असते. कातडीवरचा चट्टाही विचारलेला असतो, पण कुष्ठरोगाच्या संशयाने. सोरायसिसला रकाना नाही. तो छापून येईपर्यंत समासात पेन्सिलीने लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.