पिल्लाच्या ओठावरच्या चामखिळींवर चुना लावू नका!

कुत्र्याच्या पिल्लाच्या ओठांवर, जिभेवर फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या पांढुरक्या-गुलाबी गाठी दिसल्या, तर कळकळीची विनंती आहे: चुना लावू नका, घोड्याचा केस बांधू नका, ब्लेड तर हातातही घेऊ नका. आणि ‘आमच्या पोरांना होईल’ या भीतीने त्याला पोत्यात घालून लांब सोडून येऊ नका. ही चामखीळ माणसाला होत नाही, मांजरालाही होत नाही.

पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे ती येते, बहुतेक दोन वर्षांच्या आतल्या कुत्र्यांना. पाण्याचं एकच भांडं, एकच चेंडू, एकमेकांची तोंडं चाटणं एवढं लागणीला पुरतं. गाठी मात्र महिना-दोन महिन्यांनी दिसतात. पिल्लाची प्रतिकारशक्ती जागी झाली की बहुधा काही आठवड्यांत, कधी चार-पाच महिन्यांत, त्या आपोआप सुकून गळतात. तोवर त्याचं भांडं वेगळं ठेवा, इतर कुत्र्यांशी खेळवू नका आणि गाठ चामखिळीचीच आहे ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. खाता येईना, गिळता येईना, रक्त येऊ लागलं, तर लगेच न्या.

कुत्रं म्हातारं असेल तर मात्र ‘जाईल आपोआप’ म्हणत एक आठवडाही घालवू नका. हिरडीवर काळपट किंवा लालसर गाठ, तोंडाला उग्र वास, लाळेत रक्त, हलणारा दात, एकाच बाजूने चावणं: हा कर्करोग असू शकतो. तो जबड्याच्या हाडात आणि फुप्फुसांत पसरतो. लवकर सापडला तरच शस्त्रक्रियेला अर्थ उरतो.

भटक्या कुत्र्यांत आणखी एक गाठ आढळते. समागमातून पसरणारी ही गाठ हुंगण्या-चाटण्यातून नाकातोंडातही रुजते. लालभडक, सहज रक्त येणारी. आठवड्याला एक अशी व्हिनक्रिस्टिनची इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. गाठ लहान झाली म्हणून इंजेक्शनं मध्येच थांबवू नका, एवढं हात जोडून सांगणं आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्याचं तोंड स्वतः उघडायला जाऊ नका. लाळ गळतेय, गिळता येत नाही, ही रेबीजचीही लक्षणं आहेत. लांबून फोटो काढा, डॉक्टरांना किंवा प्राणिमित्र संस्थेला पाठवा. लाळ जखमेला लागलीच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठा.

घरचं कुत्रं असेल, तर आजच त्याचा ओठ हलकेच उचलून हिरड्या बघा.