कडबा कुणाचा?

वसुबारसेला आपण गाईवासराची पूजा करतो. पाडव्याला बळीराजाचे नाव घेतो. पोळ्याला तर बैलांचा थाट असा असतो, की नवरदेवाने मान खाली घालावी. परंतु दिवाळीच्याच मागेपुढे, ज्वारीची कापणी होऊन पेंढ्या बांधल्या जात असतात तेव्हा, आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, त्याच बैलांच्या तोंडच्या घासावरून मालक आणि बटईदार यांची जुंपलेली असते. पूजा सर्वांची, वैरण मात्र एकट्या मालकाची! या विसंगतीविषयी सणाच्या दिवसांतच बोलले पाहिजे, कारण सण सरला की कडबा मालकाच्या गंजीवर चढलेला असतो आणि मग बोलून उपयोग नसतो.

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. बटई म्हणजे वाट्याने केलेली शेती. रान एकाचे, राबणे दुसऱ्याचे. बी-खताचा खर्च ठरेल तसा वाटून घ्यायचा आणि पीक आले की निम्मे-निम्मे. पाडवा-अखाजीच्या सुमारास हा सौदा तोंडी होतो. त्यात दाण्याचे सगळे ठरते. किती पोती, बियाणे कोणाचे, फवारणी कोणाची, मजुरी कोणाची. कडब्याचे, कुटाराचे आणि धुऱ्यावरच्या गवताचे मात्र कोणी बोलत नाही. बटईदार बोलत नाही, कारण रान हातचे जाईल अशी त्याला धास्ती असते. मालक बोलत नाही, कारण न बोलण्यातच त्याचा फायदा असतो.

मग खळ्यावर संवाद होतो तो असा. हा आम्ही एकदा नव्हे, दहादा ऐकला आहे.

"मालक, कडबा तं निम्मा होता ना?"

"निम्मा दाना होता. कडब्याचं कोन बोललं होतं?"

"पन बैल तं माहेच राबले ना वावरात."

"बैल तुहे, वावर माहं. अन् हे पाय, गाडी तुही हायेच, तं जाता जाता पेंढ्या आमच्या गोठ्यापाशी टाकून दे."

या शेवटच्या वाक्यात सारा इतिहास आला. कापणी याची, बांधणी याची, गाडी याची, बैलही याचेच. आणि त्या बैलांनी आपलाच चारा दुसऱ्याच्या दारी ओढून न्यायचा. वर मालकाच्या गोठ्यात पाहावे तर कित्येकदा एक शेळीसुद्धा नसते! तो कडबा मग व्यापाऱ्याच्या गाडीत चढतो, आणि चैत्र-वैशाखात हाच बटईदार दुप्पट भावाने पेंढ्या विकत घ्यायला निघतो.

"एवढ्याशा गवतासाठी कशाला एवढे रामायण?" असे कोणी विचारील. आम्ही पडलो मास्तर, तेव्हा गणितच मांडू. एका बैलाला दिवसाला पाच किलो कोरडी वैरण धरा. ही काही मेजवानी नव्हे. जोडीला दहा किलो झाली. हिरवा चारा नसतो असे आठ महिने धरले तर दोनशे चाळीस दिवसांचे २४ क्विंटल होतात. एवढी वैरण ज्याच्या गंजीवर नाही, त्याच्यासमोर दोनच वाटा उरतात: वैरणीसाठी कर्ज काढणे, किंवा जोडी बाजारात उभी करणे. जोडी गेली की पुढल्या मृगात पेरणीला ट्रॅक्टरचे भाडे आले. भाडे परवडले नाही की बटई सुटली, आणि बटई सुटली की मजुरीसाठी पुण्या-मुंबईची गाडी. दाण्याच्या वाट्याने माणसाचे एक वर्ष निघते. चाऱ्याच्या वाट्यावर तो शेतकरी राहतो की नाही हे ठरते.

वऱ्हाडाला हे नव्याने शिकवायला नको. १८९९-१९०० च्या दुष्काळात इथली गुरे चाऱ्यावाचून मेली. १९७२ चा दुष्काळ तर अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. त्यात आता ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यापासून कडबा आणखीच दुर्मिळ झाला. एकेकाळी ज्या कुटाराला कोणी विचारीत नव्हते, त्याच्या ढिगाशीही मळणीयंत्र थांबताच मालक येऊन उभा राहतो.

हा मालक कोण, हेही एकदा नीट पाहू. तो कथा-कादंबऱ्यांतला मिशीवर ताव देणारा जमीनदार नव्हे. वऱ्हाडात इंग्रजी अमलापासून रयतवारी होती. मालगुजार ते नागपूर-वर्धेकडचे. इथला आजचा मालक पाच-दहा एकरांचा खातेदार आहे. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी पुण्यात नोकरी करणारा, कोणी निवृत्त होऊन खामगावात घर बांधलेला. रागावू नका, पण हा अंक वाचणाऱ्यांतही असे काही असतील! गावी भावाभावांच्या वाट्याचे सात एकर आहे, ते "कोणाला तरी" करायला दिले आहे, आणि दिवाळीला घरी आले म्हणजे ज्वारीचे पोते व चार पैसे मिळतात, अशी कुटुंबे थोडी नाहीत. त्या "कोणाला तरी" एक नाव असते, घर असते, आणि गोठ्यात दोन बैल असतात.

मालकाची बाजू आम्ही जाणतो. तो म्हणतो, "लिहून दिले तर जमीन जाईल." ही भीती अगदीच पोकळ नाही. विदर्भासाठी १९५८ मध्ये कूळकायदा झाला आणि कसेल त्याच्या हक्काची भाषा कागदावर आली. तेव्हापासून मालकाने कागदाचा धसकाच घेतला. परिणाम काय? बटई बंद पडली नाही, फक्त ती अंधारात गेली. सातबाऱ्यावर कसणाऱ्याचे नाव नाही, म्हणून पीककर्जाला तो अडतो. २०१९ पासून केंद्राचे वर्षाला सहा हजार रुपये येतात, तेही जमीन ज्याच्या नावावर त्याच्याच खात्यात. विम्याचे नियम बटईदाराला शेतकरी मानतात, पण कागद मागतात. आणि कागद तर मालक देत नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये आदर्श कायद्याचा मसुदा पुढे केला: मालकी मालकाकडेच राहावी आणि कसणाऱ्याला कर्ज व विमा मिळावा. सरकारांनी त्या वाटेने जावे असे आमचे मत आहे. पण कायदा होईपर्यंत बैलांनी उपाशी राहावे काय? चाऱ्याचा न्याय करायला विधानसभा लागत नाही. त्याला चार माणसांत दिलेला शब्द पुरतो, आणि त्या शब्दाने कोणाची वितभर जमीन जात नाही.

दुसरा युक्तिवाद फार मौजेचा आहे. "गवत काय कोणी पेरले होते? ते देवाने दिले." ठीक, देवाने दिले तर ते मालकाचे कसे झाले? धुऱ्यावर विळा घेऊन वाकतो तो बटईदार, आणि विंचू-काट्याशी गाठ पडते तीही त्याचीच. आमच्याकडे दुसऱ्याची शेळी पाळली तरी अर्धेलीने करडे वाटून घेतात. शेळीला जो न्याय, तो गवताला का नाही?

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. दाण्याचा जो वाटा ठरेल, तोच वाटा कडब्याचा आणि कुटाराचा असावा, आणि तो पेरणीआधीच चारचौघांत बोलून घ्यावा. कापणी, बांधणी व गाडीभाडे त्याच हिशेबाने दोघांवर पडावे. मालकाच्या पेंढ्या फुकट वाहून देणे हे काही बटईदाराचे कर्तव्य नव्हे. धुऱ्याचे गवत जो कापील त्याला निम्मे तरी मिळावे. आणि ज्या मालकाच्या दारी गुरे नाहीत, त्याने आपला वाटा विकायचाच असेल तर कापणीच्या वेळच्या भावाने तो आधी आपल्या बटईदाराला विचारावा, व्यापाऱ्याला नंतर. यात दानधर्म नाही, उपकार नाही. उलट मालकाचाही रोकडा फायदा आहे, कारण ज्याची जोडी धष्टपुष्ट तो वेळेवर पेरतो, आणि वेळेवर पेरले तरच मालकाच्या घरी पोते येते. बैल उपाशी ठेवून रान पिकवण्याची युक्ती अजून कोणाला सापडलेली नाही.

यंदा फराळाचे ताट पुढे ठेवून गावाकडचा हिशेब मांडाल, तेव्हा पोती किती आली हे जरूर विचारा. त्याबरोबर एवढेही विचारा, की आपल्या बटईदाराच्या गंजीवर पेंढ्या किती आहेत? उत्तर देताना घरातले वडीलधारे जरा अडखळले, तर हिशेब अजून पुरा झालेला नाही असे समजा.