तेल थांबलं, पण इंजिनचं काय? ब्रीदर पाइप काढण्याआधी हे वाचा

एअर फिल्टरचा डबा उघडला की आत काळं, चिकट तेल साचलेलं. फिल्टरचा कागद एका बाजूने ओलाचिंब. जुनी गाडी वापरणाऱ्या अनेकांना हे दृश्य ओळखीचं असेल. मिस्त्री एक नजर टाकतो आणि सांगतो, "बॅक कंप्रेशन मारतंय साहेब. ब्रीदर पाइप काढून खाली सोडतो, मग फिल्टरमध्ये तेल येणार नाही." पाच मिनिटांचं काम. टॅपेट कव्हरवरून निघालेला रबरी पाइप एअर फिल्टरकडून सुटतो, त्याचं तोंड खाली रस्त्याकडे वळवलं जातं आणि फिल्टर कोरडा राहतो. गाडी आधीसारखीच चालते. गाडी चालते म्हणूनच या जुगाडाचं नुकसान लवकर कळत नाही.

तेल त्या पाइपमुळे येत नाही. ते येण्याचं कारण इंजिनच्या आत असतं आणि पाइप फक्त ते दाखवतो. परभणीसारख्या धुळीच्या आणि उन्हाच्या जिल्ह्यात हा पाइप उघडा सोडणं म्हणजे ज्या आजारामुळे तेल आलं, तोच वाढवणं आहे.

बॅक कंप्रेशन म्हणजे नेमकं काय?

सिलिंडरमध्ये इंधन जळतं तेव्हा पिस्टनवर प्रचंड दाब येतो. पिस्टनच्या रिंगा हा दाब अडवतात, पण शंभर टक्के नाही. रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवावीच लागते, नाहीतर तापल्यावर ती अडकेल. त्या फटीतून आणि कडांमधून थोडा वायू खाली, क्रँकशाफ्ट फिरते त्या भागात उतरतो. त्या भागाला क्रँककेस म्हणतात आणि त्याच्या तळाला ऑइल चेंबर असतं. नव्या कोऱ्या इंजिनमध्येही हे होतं, झिजलेल्यात जास्त होतं एवढंच.

खाली उतरणाऱ्या या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, कार्बन मोनॉक्साइड असतो, आम्लं तयार करणारे वायू असतात आणि भरपूर वाफ असते. वाफेचं प्रमाण अनेकांना पटत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. गाडी सीएनजीवर असेल तर एक किलो गॅसमागे सुमारे सव्वादोन किलो. यातलं बहुतेक पाणी सायलेन्सरमधून वाफ होऊन जातं, पण थोडा हिस्सा रिंगांवरून खाली सरकतो आणि तेलात मिसळू पाहतो.

हे सगळं बाहेर काढायला पेट्रोल गाडीत दोन वाटा असतात. एका पाइपने एअर फिल्टरमधून गाळलेली स्वच्छ हवा टॅपेट कव्हरमध्ये येते. दुसऱ्या बाजूला स्प्रिंग बसवलेला अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह असतो, त्याला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये जी ओढ असते ती या व्हॉल्व्हमधून क्रँककेसमधला घाण वायू खेचून घेते आणि तो पुन्हा सिलिंडरमध्ये जळतो. म्हणजे इंजिनच्या पोटातून हवेचा एक सौम्य झोत सतत वाहत असतो. गाडी आयडलवर असताना ओढ जास्त, तेव्हा व्हॉल्व्ह वाट अरुंद करतो. रेस दिली की ती मोठी करतो. त्यात वायर नाही, सेन्सर नाही. साध्या पेट्रोल गाडीचा हा व्हॉल्व्ह बहुधा काही शे रुपयांत मिळतो.

आता फिल्टरमध्ये तेल का येतं ते लक्षात येईल. व्हॉल्व्ह काजळीने तुंबला किंवा रिंगांवरून येणारा वायू व्हॉल्व्हच्या आवाक्याबाहेर गेला, की तो उलट्या दिशेने, स्वच्छ हवेच्या पाइपमधून एअर फिल्टरच्या डब्याकडे जातो. सोबत तेलाचे थेंब नेतो. कधी कधी कारण आणखी साधं असतं. तेल बदलताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त ओतलेलं असतं.

मिस्त्री चूक नाही, तो ट्रॅक्टर बघून शिकलाय

आपल्याकडच्या बऱ्याच मिस्त्र्यांचे हात ट्रॅक्टर, जीप आणि पाण्याच्या डिझेल इंजिनवर बसले आहेत. जुन्या ट्रॅक्टरचा ब्रीदर उघडाच असतो. बाजूने एक नळी खाली येते, तिच्यातून धूर निघतो, टोकाला तेलाचा थेंब लोंबतो आणि ट्रॅक्टर वर्षानुवर्षं नांगरट करत राहतो. मग कारला काय होतंय, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने रास्तच आहे.

उत्तर असं की ट्रॅक्टरचं ते इंजिन उघड्या ब्रीदरसाठीच बनवलेलं असतं. शिवाय जुन्या डिझेलच्या इनटेकमध्ये पेट्रोल गाडीसारखी ओढ नसते. तिथे वायू फक्त बाहेर पडतो, आत फारसं काही खेचलं जात नाही. कारमध्ये फिल्टरकडचा पाइप काढून खाली सोडला आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह तसाच जोडलेला राहिला, तर आयडलवर आणि हळू चालताना इंजिन त्या उघड्या तोंडातून हवा आत ओढतं. फिल्टर न लागलेली, रस्त्यालगतची हवा.

ही हवा कसली असते ते जिंतूर, पालम किंवा सोनपेठकडे आतल्या रस्त्यांनी फिरणाऱ्याला सांगायला नको. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पांदण रस्त्यावर पुढच्या गाडीमागे उडणारा फुफाटा आठवा. तो थेट तेलात जातो. बारीक माती आणि तेल यांचं मिश्रण काय करतं, हे व्हॉल्व्ह घासायची ग्राइंडिंग पेस्ट वापरणाऱ्या मिस्त्र्याला वेगळं समजवावं लागत नाही. रिंगा झिजतात, बेअरिंग झिजतात, बॅक कंप्रेशन वाढतं, पाइपमधून तेल आणखी येतं. आता ते रस्त्यावर पडतं म्हणून दिसत नाही.

पाइप कसा काढला, त्यावर बरंच अवलंबून

काही जण दोन्ही तोंडं बंद करतात. हा सगळ्यात वाईट प्रकार. वायूला बाहेर पडायला जागा उरत नाही, आत दाब साठतो आणि जिथे कमजोर जागा सापडेल तिथून तेल बाहेर येतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकशाफ्टचं ऑइल सील, कधी डिपस्टिकच वर उचलली जाते. मागचं ऑइल सील बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. त्याची मजुरी विचारून पाहा.

काही जण मॅनिफोल्डकडची नळी काढतात आणि तिचं भोक तसंच सोडतात. मग इंजिनात न मोजलेली हवा शिरते. ज्या गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजणारा सेन्सर असतो, त्या थरथरतात, चेक इंजिनचा दिवा लागतो. दाब मोजून हवेचा अंदाज घेणाऱ्या गाड्यांत आयडल आरपीएम वाढून बसतो. "रेस कमी होत नाही" अशी तक्रार घेऊन माणूस पुन्हा गॅरेजवर जातो आणि या वेळी इंजेक्टर साफ होतात.

मॅनिफोल्डचं भोक स्क्रू मारून बंद केलं आणि टॅपेट कव्हरचा पाइप खाली सोडला, तर गाडी शांत चालते. पण झोत थांबलेला असतो. वाफ आणि कच्चं पेट्रोल तेलातच राहतं. उन्हाळ्यात इथे पारा ४४ अंशांपुढे जातो, तेव्हा मुळात तेलाची परीक्षा असतेच. हिवाळ्यात उलटं. गारठ्यात घर ते शाळा, शाळा ते बाजार अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही आणि पाणी उडून जात नाही. ऑइल कॅप उघडली की आतून पिवळसर पांढरी साय लागलेली दिसते. थंडीत फक्त कॅपला थोडीशी साय असेल तर घाबरू नका. डिपस्टिकवरही तीच दिसत असेल किंवा कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासा. अशा तेलाचा पुढे काळा डांबरासारखा गाळ होतो, तो तेलाची जाळी तुंबवतो आणि तेल वरपर्यंत पोहोचत नाही. हे पाच मिनिटांत किंवा पाच दिवसांत होत नाही. म्हणून वर्षभराने इंजिन बांधायला निघतं तेव्हा त्या पाइपची आठवण कुणालाच राहत नाही.

बॉनेटखाली सुटलेला हा वायू काही वेळा काचेखालच्या जाळीतून एसीच्या हवेसोबत केबिनमध्येही येतो. गाडीत बसल्यावर तेलकट, जळका वास येत असेल आणि डोकं दुखत असेल तर तो वास परफ्यूमने झाकू नका, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो.

टर्बो डिझेलच्या बाबतीत मात्र मिस्त्रीच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे. रिंगा पार गेलेल्या इंजिनात ब्रीदरमधून इतकं तेल टर्बो आणि इंटरकूलरमध्ये जाऊ शकतं की इंजिन स्वतःचंच तेल जाळत बेफाम पळतं, चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी पाइप सोडणं हा त्या दिवसापुरता बचाव आहे. पण तशी गाडी गॅरेजपर्यंतच न्यायची असते. ती लग्नाच्या वरातीला नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

साठ वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न

१९६० पर्यंत जगभर गाड्यांचा हा वायू सर्रास खाली रस्त्यावरच सोडला जायचा. लॉस एंजेलिसमध्ये डोळे चुरचुरणारं धुरकं पसरू लागलं आणि १९५० च्या दशकात एरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने त्याचा संबंध गाड्यांतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनशी जोडला. त्या काळच्या गाडीच्या एकूण हायड्रोकार्बन प्रदूषणातला सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, क्रँककेसमधून येत होता. म्हणून गाड्यांवर बसवलेलं पहिलं प्रदूषण-नियंत्रण यंत्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नव्हतं, तर हा व्हॉल्व्ह होता. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून तो आला, १९६३ पासून अमेरिकाभर.

जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण कौतुकाने म्हणतो. इथे जर्मनीचा एक धडा आहे. तिथल्या अनेक गाड्यांत हा व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच बसवलेला असतो, सुटा काढता येत नाही. जुगाडाला जागाच ठेवलेली नाही. अर्थात आतला पडदा फाटला की अख्खं कव्हर बदला, असं बिल येतं, ते वेगळं.

पीयूसीत हे का सापडत नाही?

माझा खरा आक्षेप इथे आहे. भारतात पेट्रोल गाडीला मंजुरी मिळताना क्रँककेसमधून बाहेर काहीही वायू सुटता कामा नये, अशी चाचणी असते. कमी सुटावा असं नाही, सुटूच नये. पण गाडी एकदा शोरूममधून बाहेर पडली की ही गोष्ट पुन्हा कुणी तपासत नाही. पीयूसी केंद्रावर नळी घालतात ती सायलेन्सरमध्ये. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलचा धूर, एवढंच मोजलं जातं. पाइप बाहेर लोंबत असेल तर तो वायू सायलेन्सरकडे जातच नाही. उलट तेलात पेट्रोल मिसळलेलं असेल तर पाइप सुटल्यावर सायलेन्सरचं रीडिंग कधी कधी सुधारलेलं दिसतं. जास्त प्रदूषण करणारी गाडी जास्त चांगलं सर्टिफिकेट घेऊन जाते.

कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर हवा प्रदूषणाचे निकष मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण जे तपासलंच जात नाही, त्याला दंड कोण करणार? यासाठी नवं मशीन लागत नाही. पीयूसीवाल्याने बॉनेट उघडून पाइप जागेवर आहे की नाही एवढं बघायचं आणि फॉर्मवर एक टिक करायची. एमएच-२२ पासिंगच्या गाड्यांपासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

मग तेल येत असेल तर?

आधी डिपस्टिक बघा, तेल जास्त तर नाही. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून पाहायला सांगा. सुटा व्हॉल्व्ह हलवल्यावर आत टकटक वाजायला हवी. न वाजल्यास बदला. वाजला म्हणजे तो शंभर टक्के चांगला असं नाही, पाइप आतून तुंबलेले असू शकतात, तेही साफ करून घ्या. नंतर मिस्त्रीसमोर आयडलवर ऑइल कॅप उघडून त्या तोंडावर कागद धरायला सांगा. साध्या पेट्रोल गाडीत कागद हलकासा आत ओढला गेला पाहिजे. फडफडत बाहेर ढकलला जात असेल आणि व्हॉल्व्ह नवा असेल, तर कंप्रेशन टेस्ट करा. रिंगांचं काम निघालं असेल तर तो खर्च मोठा आहे, पण पाइप काढल्याने तो टळत नाही.

बाजारात मिळणारी ऑइल कॅच कॅन हा मधला मार्ग आहे, पण तिची दुसरी नळी पुन्हा इनटेकला जोडलेली असली तरच. वर छोटा फिल्टर लावून उघडी सोडलेली कॅन म्हणजे तोच जुगाड, फक्त चकचकीत.

आणि सेकंड हँड गाडी बघायला गेलात तर सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम नंतर बघा. आधी बॉनेट उघडा. टॅपेट कव्हरवरून निघालेला पाइप कुठे जातो ते बोटाने शेवटपर्यंत तपासा. इनटेकवरच्या एखाद्या नळीच्या तोंडात स्क्रू, खिळा किंवा टेप गुंडाळलेली लाकडाची खुंटी दिसली, तर ती का मारली हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत भावाचं बोलू नका.