‘सवय होईल’ म्हणण्यापूर्वी

पहिल्यांदा श्रवणयंत्र लावलेला रुग्ण आठवडाभराने परत येतो. भांड्यांचा आवाज सोसत नाही, स्वतःचाच आवाज घुमतो, अशी त्याची तक्रार असते आणि आपले उत्तर ठरलेले: घालत राहा, सवय होईल. या उत्तराचा शास्त्रीय आधार आपण समजतो तेवढा भक्कम नाही. यंत्र वापरता वापरता शब्द ओळखण्याची क्षमता सहा ते बारा आठवड्यांत वाढते, असे स्टुअर्ट गेटहाउस यांनी १९९२ मध्ये मांडले. मँचेस्टरच्या केव्हिन मन्रो यांच्या गटाला मात्र २०१४ च्या अभ्यासात तशी वाढ आढळली नाही. मोठे आवाज हळूहळू सुसह्य होतात, एवढे खरे. पण घुमणारा आवाज बहुधा घट्ट बसलेल्या मोल्डचा दोष असतो. तिथे व्हेंट मोठा करायचा की रुग्णाला सोसायला सांगायचे?

बेळगावातल्या वडगाव-खासबागच्या यंत्रमागांवर उमेदीची वर्षे घालवलेल्या विणकराचा ऑडिओग्राम पाहा. खालच्या पट्टीत कान बरा, ४००० हर्ट्झपाशी खड्डा. बोलणे कानावर पडते. ‘स’, ‘च’, ‘फ’ निसटतात. नेमके तेच ध्वनी वाढवले की कागदाची सळसळही टोचते, म्हणून आपण गेन उतरवतो. त्यात गैर नाही. नव्या वापरकर्त्याला थोडा कमी गेन एनएएल-एनएल२ हे सूत्रही सुचवते. पण तो पुन्हा कधी चढवायचा, ही तारीख फाइलवर नसेल तर तात्पुरती तडजोड कायमची होते आणि ‘मशीन बेकार’ म्हणून डबी फळीवर जाते.

रुग्णाला पुन्हा बोलावण्यावर रास्त हरकत अशी, की निपाणीच्या विडी कामगार बाईची बेळगावची एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. कोल्हापूर तिला निम्म्या अंतरावर. त्यामुळे फिटिंग तिथे, दुरुस्ती इथे, असेही होते. म्हणूनच सेटिंगचा छापील कागद तिच्या हाती हवा आणि मधली विचारपूस फोनवर, मराठीत व्हावी. चाचणीतही भाषेचा हाच प्रश्न: कन्नड शब्दयादीवर मराठी कानाला कमी गुण पडले तर त्याचे खापर यंत्रावर फोडणे चूकच. पाठपुराव्याने काय साधते? लॅरी ह्यूम्स यांच्या २०१७ च्या चाचणीत १५४ प्रौढ होते. त्यांतल्या स्वतःच यंत्र निवडणाऱ्यांनाही लाभ झाला, पण समाधान कमी राहिले. पुढे ऑडिओलॉजिस्टची देखरेख मिळाल्यावर ते वाढले. दुसऱ्या भेटीत आधी डेटा लॉगिंग उघडावे. रोजचा वापर तासाभराचाच दिसला, तर प्रोग्रॅमिंगला हात लावण्याआधी मोल्ड काढून कानात कुठे टोचते ते बघावे.